अक्षर कोणाच्या मालकीचे?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजघराणी, लढाया आणि तह उभे राहतात. नागपूर प्रांतातल्या माणसाला तर भोसल्यांचा दरबार आणि १८१७ सालची सीताबर्डीची लढाई वेगळी सांगावी लागत नाही. आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. तो आहे आपल्या अक्षराचा, आणि तोही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला. परंतु या अल्प काळात एक प्रश्न असा उपस्थित झाला की जो यापूर्वीच्या हजार वर्षांत कोणाला पडला नव्हता. तो प्रश्न म्हणजे, 'क' हे अक्षर कोणाच्या मालकीचे? प्रश्न ऐकून हसू येईल. पण संगणक आला आणि काही काळ तरी 'क'ला खरोखरीच मालक मिळाले. ते कसे घडले आणि त्यातून मराठी कशी सुटली, हे समजून घेणे पारशिवनीसारख्या गावी राहणाऱ्या आपल्यालाही अगत्याचे आहे.

आरंभ थोडा मागे जाऊन करू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्या दप्तरांतले बहुतेक कागद मोडीतले. लिहिणारे कारकून केव्हाच मरून गेले होते, काही कागदांना कसर लागली होती, कित्येकांवर पाणी पडले होते. तरी राजवाडे ते वाचू शकले. कारण उघड आहे. मोडी शिकायला कष्ट पडतात, पण कोणाची परवानगी लागत नाही. ज्याने बोरू तयार केला किंवा कागद विकला त्याच्याकडे जाऊन 'तुमच्या बोरूने लिहिलेले वाचू का' असे विचारावे लागत नाही. आजही मोडी वाचणारे थोडे उरले असले, तरी ती वाट कोणी अडवून बसलेला नाही.

पुढे छपाई आली. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. त्याच छापखान्याने मोडीतही खिळे पाडले, आणि त्या मोडी पुस्तकांत रघूजी भोसल्यांच्या वंशावळीचेही पुस्तक होते. म्हणजे नागपूरकरांचा छापील अक्षराशी संबंध तसा जुनाच आहे. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने तर देवनागरी खिळ्यांचे सौंदर्य इतके वाढवले की त्या वळणाची ख्याती देशभर झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खिळे निर्णयसागरच्या मालकीचे होते आणि ते असणे योग्यच होते, कारण त्यांत कारागिराचा घाम होता. पण त्या खिळ्यांनी छापलेले पुस्तक एकदा आपल्या हाती आले की छापखान्याचा आणि आपला संबंध संपला. पुस्तक वाचण्यासाठी घरात निर्णयसागरचे खिळे आणून ठेवावे लागत नव्हते.

संगणकाने नेमकी हीच गोष्ट उलटवली. ती कशी, हे कळण्यासाठी संगणकाच्या पोटात काय असते ते पाहिले पाहिजे. त्याच्या पोटात अक्षर नसते. फक्त आकडे असतात. आपण कळ दाबतो तेव्हा एक आकडा साठवला जातो, आणि पडद्यावर दाखवताना तो आकडा पाहून अक्षराचे चित्र काढले जाते. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, याचा एक तक्ता ठरलेला असावा लागतो. इंग्रजीचा तक्ता अमेरिकेत १९६३ सालीच ठरला आणि पुढे सर्वांनी मानला. देवनागरीचा तक्ता मात्र व्यवहारात बराच काळ एक नव्हता.

मग मराठी छापखान्यांचे काम कसे चालले? १९९० च्या सुमारास गावोगावच्या छापखान्यांतून खिळ्यांच्या पेट्या जाऊन संगणक आले. फाँट विकणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी तक्ता तसाच ठेवला, आणि इंग्रजी अक्षराच्या चित्राच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवले. टंकयंत्राच्या मांडणीवर बेतलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीत 'डी'च्या जागी 'क' आला आणि 'के'च्या जागी काना. त्यामुळे पडद्यावर 'काका' दिसे, पण संगणकाच्या पोटात 'डी, के, डी, के' एवढेच असे. त्या पोशाखातला फाँट काढून घेतला की काका नाहीसे होत आणि निरर्थक इंग्रजी अक्षरे उरत. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवणूक निराळी. एकाच्या 'क'च्या घरात दुसऱ्याचा 'प' राहायला आलेला. एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्या छापखान्यात नेला की त्याची भाजणी होऊन जाई, आणि तो पुन्हा पहिल्यापासून टंकून काढावा लागे.

आपल्या भागातल्या माणसाला हा प्रकार रेल्वेवरून चटकन समजेल. कन्हानवरून पूर्वेस जाणारा लोहमार्ग आरंभी मीटरगेज होता. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो रुंद केला, आणि मगच तो कलकत्त्याच्या वाटेशी एकजीव झाला. उलट छिंदवाड्याकडे जाणारी सातपुड्याची छोटी गाडी अडीच फुटी रुळांवर चाले, मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांवर. दोन्ही गाड्या चांगल्या, दोन्ही इंजिने दमदार. पण दोहोंची गाठ जेथे पडे तेथे पोते न् पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. दोष इंजिनाचा नव्हता. दोष होता तो मधल्या मापाचा. मराठी मजकुराचीही अशीच हमाली कित्येक वर्षे चालली, आणि तिचा खर्च आपण सर्वांनी भरला.

आता कोणी विचारील, आपल्या देशात या गोष्टीचा विचार कोणी केलाच नाही काय? केला होता, आणि उत्तम केला होता. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सत्तरीच्या दशकापासून देवनागरी संगणकावर आणण्याचे प्रयत्न चालले होते. तेथे मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचे तंत्र सिद्ध केले. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि ते काम तेथे पुढे वाढले. भारतीय लिप्यांचा जो समान तक्ता तयार झाला त्याला 'इस्की' म्हणतात. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारला.

या तक्त्यातली दृष्टी पाहण्याजोगी आहे. फाँट विकणाऱ्यांनी खिळ्यांची पेटी डोळ्यांपुढे ठेवली होती. 'इस्की' करणाऱ्यांनी वर्णमाला डोळ्यांपुढे ठेवली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा आपल्या शिक्षाशास्त्राचा क्रम त्यांनी आकड्यांत उतरवला. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात 'क' आधी येतो, म्हणून तक्त्याच्या नियमाने 'क' आधी साठवायचा आणि वेलांटी मागून. ती काढायची कोठे हे संगणकाने पाहावे. देवनागरी, बंगाली, तमिळ या साऱ्या लिप्यांत 'क'चा आकडा एकच. लिप्या अनेक असल्या तरी वर्णव्यवस्था एक, हे जे पंडित सांगत आले ते येथे यंत्राच्या उपयोगी पडले. मात्र राष्ट्रीय मानक झाले तरी बाजाराने ते सर्वत्र पाळले नाही. पुढे जगाचा तक्ता झाला तेव्हा आपल्या लिप्यांची मांडणी याच 'इस्की'च्या १९८८ सालच्या रूपावरून घेतली गेली, हे त्याचे खरे यश.

याच सुमारास दूर जिनेव्हाजवळ दुसरी एक गोष्ट घडत होती. तेथील 'सर्न' या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली हे गृहस्थ काम करीत होते. निरनिराळ्या देशांतून आलेल्या शास्त्रज्ञांची टिपणे निरनिराळ्या संगणकांत अडकून पडत, एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. त्यावर उपाय म्हणून १९८९ साली त्यांनी एक योजना मांडली, आणि तिच्यातून वेब जन्माला आली. तीस एप्रिल १९९३ रोजी 'सर्न'ने जाहीर केले की वेबचे हे तंत्र सर्वांचे आहे, कोणीही ते विनामूल्य वापरावे. तो दिवस माझ्या मते छपाईच्या शोधाइतकाच मोलाचा आहे. १९९४ साली बर्नर्स-ली यांनी 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' ही मानके ठरवणारी संस्था स्थापन केली. २००४ साली तिने असे धोरण स्वीकारले की तिच्या मानकांवर कोणाला पेटंटचा मोबदला द्यावा लागू नये.

मानक खुले असणे म्हणजे काय, हे येथेच स्पष्ट करतो. खुले मानक म्हणजे असे माप, जे लिहून चव्हाट्यावर ठेवले आहे. जे कोणालाही वाचता येते. जे वापरण्यास कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आणि ज्यात चूक दिसली तर कोणालाही आक्षेप घेता येतो. यातली चौथी अट सर्वांत महत्त्वाची. तिच्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

मराठी माणसाला वेबची गोडी लवकर लागली. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींनी १९९६ सालीच 'मायबोली' हे संकेतस्थळ काढले. वर्तमानपत्रेही आली. पण वेब खुली असली तरी अक्षरे बंदिस्त होती. मराठी पान वाचायचे तर आधी त्या त्या पत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे. त्यात ब्राउझर करणाऱ्या दोन बड्या कंपन्यांची चढाओढ लागलेली. पानाबरोबर फाँट पाठवण्याची एकीची रीत दुसरीला चालत नव्हती. २००० साली नेटस्केपच्या नव्या आवृत्तीने आपली जुनी रीतच वगळली, आणि जी पाने तिच्यावर विसंबून होती ती अवाच्य झाली. काल वाचता येणारे मराठी आज वाचता येईना, आणि त्यात ना लेखकाचा दोष, ना वाचकाचा! कंटाळून मंडळी मराठी पत्रे रोमन लिपीत लिहू लागली. भाषेचा पराभव असाही होतो. तलवार न उपसता.

मराठीची या कोंडीतून सुटका केली ती युनिकोडने. जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता करावा, या हेतूने १९९१ साली युनिकोडची संस्था आणि पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली. आता 'क'चा आकडा २३२५. पारशिवनीत २३२५, पुण्यात २३२५ आणि पॅरिसमध्येही २३२५. परंतु तक्ता झाला तरी चित्रे कोणीतरी काढावीच लागतात. ते काम ज्यांनी केले त्यांत सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केलेल्या या मराठी कलावंताने 'मंगल' हा फाँट सिद्ध केला. 'विंडोज २०००' बरोबर तो आला आणि लक्षावधी लोकांनी संगणकावर देवनागरी प्रथम पाहिली ती त्यांच्या वळणात. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' फाँट मुक्त परवान्याने दिले, आणि त्यांची पुढली देखभाल पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. तो लिहिणारे पगारी नव्हते. दिवसा नोकरी आणि रात्री मराठी, अशा हौशी मंडळींनी तो उभा केला. अशाच हौशी लोकांनी मराठी टंकनाची साधने लिहून फुकट वाटली. राजवाडे कोणाचे चाकर नव्हते. या मंडळींची जातही तीच.

या कथेला दुसरीही बाजू आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. सरकारी मानक कपाटात पडून होते त्या काळात खाजगी फाँटवाल्यांनीच लहान गावातल्या छापखान्याला मराठी छापता येईल असे केले. लग्नपत्रिका, स्मरणिका, साप्ताहिके त्यांच्यावर निघाली. सुंदर वळण काढणाऱ्या कलावंताला त्याचा मोबदला मिळावा, याविषयीही दुमत नाही. आणि नवा तक्ता सर्वस्वी समान आहे असेही नाही. वेबवर आज सर्वत्र चालणाऱ्या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. मोबाइलवरच्या साध्या संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, मराठीची ७०. आधी आलेल्याने जागा धरली आणि आपण मागून आलो, त्याची ही किंमत. पण चित्राची मालकी वेगळी आणि आकड्याची मालकी वेगळी. खिळा कारागिराचा असू शकतो. वर्णमाला कोणा एकाची असू शकत नाही. माझा आग्रह इतकाच आहे.

आता त्या चौथ्या अटीकडे, आक्षेपाच्या हक्काकडे येतो. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन भाषांच्या सीमेवर राहतो. उत्तरेस पेंचचे जंगल ओलांडले की मध्य प्रदेश, आणि तेथली लिपी आपलीच, भाषा मात्र हिंदी. लिपी एक म्हणून 'हिंदीला चालते ते मराठीला चालेल' असे म्हणण्याचा मोह तक्ता करणाऱ्यांना होणारच. पण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्राइतके आणि डोंगराइतके अंतर आहे! हिंदीला त्या दुसऱ्या 'र'ची गरज नाही, आपल्याला आहे. युनिकोडमध्ये 'ऱ'च्या अर्ध्या रूपासाठी ती आडवी वळणदार रेघ नियमाने ठरवून दिलेली आहे, म्हणून आपल्या दऱ्या बुडाल्या नाहीत.

'ॲ'ची कथा अधिक बोधप्रद आहे. 'ऍ' असा 'ए'वर अर्धचंद्र असलेला वर्ण पहिल्यापासून तक्त्यात होता. पण मराठीत आपण 'अ'वर चंद्र देतो. हा 'ॲ' तक्त्यात नव्हता. मागणी झाली, तपासणी झाली, आणि २००८ साली निघालेल्या युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला २४१८ क्रमांकाचे घर मिळाले. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, भारत सरकारने आपल्या कारभारासाठी युनिकोडची हीच आवृत्ती मानक ठरवली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानेही मराठी वर्णमालेची रूपे निश्चित करणारा निर्णय काढला. २०१० साली केंद्राचे खुल्या मानकांचे धोरणही आले. आपला 'ल' पाकळ्यांचा आणि हिंदीचा दंडाचा. आपल्या 'श'चे वळणही वेगळे. वेबच्या पानावर 'ही भाषा मराठी' अशी खूण लिहून ठेवली, आणि फाँट तशी सोय असलेला असला, की आकडा तोच राहून वळण मराठी येते. एखाद्या कंपनीच्या खाजगी तक्त्यात 'ॲ' नसता तर आपण फार तर विनंतीपत्र पाठवले असते. येथे आपला हक्क होता.

आणि हे दार आपल्यापुरतेच उघडे नाही. राजवाड्यांनी वाचलेल्या मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी एक लिपी निर्माण केली होती. जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे शहरांनी पाहिले नाही. २०१७ साली तीही त्याच तक्त्यात आली, आणि तिच्या पुढच्या वर्षी गुंजाळा गोंडी लिपी आली. पेंचच्या खोऱ्यात ज्यांची वस्ती आमच्याही आधीची, त्या गोंड बांधवांचे अक्षर आता इंग्रजीच्या पंक्तीला बसले आहे. धनवंतांच्या भाषा आणि वनवासींच्या भाषा यांना एकाच पंगतीत पान मांडणारी दुसरी व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नाही. आपल्या गावच्या संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, ग्रंथालयांच्या याद्या यांतल्या किती तरी १९९० नंतरच्या काळात जुन्या फाँटांत टंकलेल्या असतील. त्यांच्या छापील प्रती कसर खाईल आणि संगणकातल्या प्रती 'डी, के, डी, के' म्हणत पडून राहतील. त्या युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम एखाद्या उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालयातली चार मुले करू शकतील; त्यासाठी लागणारी परिवर्तनाची साधने आज फुकट मिळतात. ग्रंथालयाने किंवा ग्रामसंस्थेने नवे काम देताना छापखान्याला एवढेच सांगावे, की मजकुराची एक प्रत युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात आमच्या हाती द्या. वेबवर आपले अर्ज, आपल्या सूचना, आपल्या तक्रारी लिहिताना मराठी देवनागरीत लिहावे आणि समोरून ती स्वीकारली गेली नाही तर तसे विचारावे. विचारणारा माणूस असला म्हणजेच मानक जिवंत राहते. नाही तर १९९१ च्या 'इस्की'सारखे ते कागदावर राष्ट्रीय आणि बाजारात परके होऊन बसते.

मोडीतले कागद आपण आज वाचतो, कारण त्या कारकुनांच्या अक्षराला कोणी कुलूप घातलेले नव्हते. आपल्या मागून येणाऱ्यांनी आपले लिहिलेले वाचावे अशी इच्छा असेल, तर आपणही ते कुलपाशिवाय ठेवून गेले पाहिजे.